‘हं’च्या आधीची जागा

९ जानेवारी

बाई,

साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे. मी ज्या कंपनीत नोकरी करते तिथे दोन लिफ्ट आहेत, गार, गरम आणि कोमट पाण्याच्या वेगवेगळ्या तोट्या आहेत, डुलकी काढायला एक खोली आहे (तिला ‘चिंतन कक्ष’ म्हणतात), पण अख्ख्या इमारतीत एकही शार्पनर नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. मी रीतसर मागणी केली. भांडारातल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “पेन्सिल? घरी लहान मूल आहे का?” मी म्हणाले, मीच वापरते. त्यावर त्यांनी इतक्या हळुवारपणे मान हलवली, की मला स्वतःचीच काळजी वाटली. आता मी पेन्सिली घरी सुरीने सोलते. आई म्हणते, “भाजी चिरायला सांगितली की हिचा हात दुखतो, आणि लाकडं मात्र सोलते.”

सहा वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात शार्पनरचं रडगाणं गायचं, हे तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही समासात लिहाल: मुद्द्यावर या. येते.

परवा विद्यापीठातल्या आपल्या विभागातल्या कारकुनांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, जागा निघालीय. कायम. महिनाअखेरपर्यंत अर्ज.”

मी विचारलं, “बाईंनी सांगितलं का फोन करायला?”

“बाईंनी सांगितलंय की बाईंनी सांगितलंय असं सांगायचं नाही,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “म्हणजे मी काही सांगितलेलं नाहीये.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिंतन कक्षात बसले. पहिल्यांदाच त्या खोलीचा नावाप्रमाणे उपयोग झाला.

बाई, तुम्ही बोलावताय का? एवढंच विचारायचं होतं. नोकरी मिळाल्याचं सांगायला मी आले होते तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि ‘बरं’ म्हणालात. ‘हं’ नाही, ‘बरं’. माणसं ऐकताना मधूनमधून जो हुंकार देतात त्यावर जिने तुमच्याकडे प्रबंध लिहिला, तिला एवढा फरक कळतो. ‘हं’ म्हणजे पुढे बोल. ‘बरं’ म्हणजे झालं बोलून, उठ आता. मी उठले. त्यानंतर लगेच दोन पत्रं पाठवली, एकदा दारापर्यंत येऊन गेले. तुम्ही उठवलेलं माणूस पुन्हा बसत नाही, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण मला बसायचंय. त्या जागेवर की नुसतं तुमच्या समोर, ते अजून माझं मला नीट सांगता येत नाही.

तुमची,
हंवाली

(विभागात माझं हेच नाव पडलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं असं तुम्ही दाखवायचात.)

१८ जानेवारी

बाई,

उत्तर नाही. ठीक आहे. उत्तर न देणाऱ्यांशी बोलण्याचाच आता माझा धंदा आहे, तेव्हा सवय आहे.

मी करते काय, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून सांगते. पाणी आलं नाही, वीज गेली, कचरा उचलला नाही, की लोक फोन करतात. पलीकडून एक यंत्र बोलतं. ते काय बोलेल, किती बोलेल आणि कुठे गप्प बसेल, हे मी ठरवते. कार्डावर छापलंय ‘संवाद रचनाकार’. आई शेजारणीला सांगते, “फोनवर असते.” शेजारीण कीवेने म्हणते, “एवढी शिकून?”

सुरुवात हसण्यासारखी होती. विद्यापीठात आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे तास झाला की पैसे, सुट्टी लागली की उपास. शेवटी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाने वेळापत्रकातून माझे तास उडवले. मग मी बायोडाटा घेऊन फिरले. तीन ठिकाणी तोंडाला पानं पुसली. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “तुमचं शिक्षण जरा जास्त झालंय,” जसं मीठ जास्त होतं तसं. इथल्या साहेबांनी मात्र एकच प्रश्न विचारला: “माणसं फोन का आपटतात, सांगू शकाल?” मी अर्धा तास बोलले. ते म्हणाले, “सोमवारपासून या, पण इतकं बोलू नका.”

माझ्या पहिल्या टिपणाला मी तळटीपा दिल्या होत्या. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “हे खाली बारीक अक्षरात काय आहे? अटी लागू?” मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा एक गोष्ट एका वाक्यात लिहायला शिकले, आणि खरं सांगू, वाक्य घाबरत नव्हतं, मीच घाबरत होते.

आता मुद्दा. माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं, की यंत्राने ‘हं’ म्हणायला हवं. माणूस आपली तक्रार सांगत असतो, पलीकडे मसणासारखी शांतता. त्याला वाटतं फोन कटला, तो ‘हॅलो, हॅलो’ करत सगळं पहिल्यापासून सांगतो. मग एक ‘हं’ का नको? साहेब म्हणाले, करून बघा. यंत्रासाठी जी बाई बोलते तिला आम्ही ‘आवाज’ म्हणतो. तिच्याकडून मी ‘हं’ म्हणवून घेतला, माझ्या तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केलेल्या लांबीचा, ज्याला मी तिथे ‘आस्थेचा हुंकार’ म्हटलंय. आवाज वैतागली. “ताई, सकाळपासून नुसतं हं हं करतेय. घरी नवरा बोलायला लागला की हेच करते, तिथे कुणी पैसे देत नाही.”

सोमवारी पाण्याच्या लाइनवर तो ‘हं’ बसवला. तुमच्या भागाचं पाणीही आमच्याकडेच आहे, म्हणजे नळ कोरडा पडला तर तुम्ही अप्रत्यक्षपणे मलाच फोन कराल. काय झालं ते पुढच्या वेळी लिहिते. आत्ता लाज वाटतेय.

तुमची,
हंवाली

२९ जानेवारी

बाई,

लोक खवळले.

एक गृहस्थ सांगत होते, तिसरा दिवस आहे, घरात आजारी माणूस आहे. यंत्र म्हणालं, ‘हं.’ ते थांबले. “हं काय हं? खोटं बोलतोय का मी? ये इथे, नळ उघडून बघ.” दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, “तुला घाई असेल तर ठेवते बाई,” आणि खरोखर ठेवला. साहेबांनी मला बोलावून ही ध्वनिमुद्रणं ऐकवली आणि ज्या सुरात विचारलं तो मी विसरणार नाही: “डॉक्टर, हेच का ते औषध?”

मी प्रबंध काढला. तिसरं प्रकरण पुन्हा वाचलं. लांबी बरोबर होती, चढउतार बरोबर. तोच ‘हं’ माझ्या जुन्या ध्वनिमुद्रणांत आपुलकीचा वाटायचा आणि इथे सासूसारखा का वाटतो, ते कळेना. मग मूळ ध्वनिमुद्रणं काढली. विभागाने मोडीत काढलेली, मी घरी आणलेली. ती ऐकता ऐकता एकदम ध्यानात आलं. आपण, म्हणजे मीच, मोजणी सोपी व्हावी म्हणून दोन वाक्यांमधली शांतता कापून टाकली होती. ‘रिकामी जागा’ असं लेबल लावून. बोलणं, ‘हं’, बोलणं, ‘हं’, सगळं चिकटवलेलं. साडेतीनशे पानं मी ‘हं’बद्दल लिहिली आणि ‘हं’च्या आधी ऐकणारा किती थांबतो, हे एकदाही मोजलं नाही. तिथेच तर सगळं आहे, बाई. लगेच आलेला ‘हं’ म्हणतो, आटपा. फार उशिरा आलेला म्हणतो, खरं का. मध्ये एक इवलीशी जागा आहे, तिथे आलेलाच म्हणतो, मी आहे, बोला.

तिसरं प्रकरण चुकलंय. तिघा परीक्षकांनी त्याचीच सर्वांत जास्त तारीफ केली होती.

ही जागा सापडली तेव्हा मला कुणाला सांगावंसं वाटलं असेल? साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “छान, मग बदला.” आवाजला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे परत म्हणायचं?” आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती, म्हणाली, “हं.” अगदी बरोबर जागी. पण तिला बिचारीला कळलं नाही की ती काय करून बसली.

मला तुमची ती खोली हवी होती. जिच्या खिडकीची कडी लागत नाही, जिथे बसायला पुस्तकं उचलावी लागतात, आणि जिथे मी काही शोधून काढलं की तुम्ही आधी त्यातलं खोटं शोधायचात, इतक्या प्रेमाने, की खोटं निघालं तरी शिकवणी फुकट गेली असं कधी वाटलं नाही. इथे सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात. त्याचा फार एकटेपणा येतो.

नवा ‘हं’ बसवला. आता लोक फोन आपटत नाहीत. उलट ठेवतच नाहीत. नळाची तक्रार सांगून होते आणि मग गुडघ्याची सुरू होते, मग परदेशातल्या मुलाची. साहेबांची नवी चिंता: फोन लांबतात, फोन लांबले की पैसे लागतात. ‘हं’ काढून टाकायची भाषा चाललीय. मी दर आठवड्याला बैठकीत त्याची वकिली करते.

अर्ज केला आहे. हे तुम्हाला कारकुनांनी सांगितलं नाही असं ते सांगतील.

तुमची,
हंवाली

२१ फेब्रुवारी

बाई,

जे तुमच्या समोरच घडलं ते तुम्हालाच लिहून कळवणं म्हणजे कमाल आहे. पण पायऱ्यांवर मी नुसती मान हलवत होते, माझी बाजू राहून गेली. ती लिहिते.

रविवारी मुलाखती ठेवल्या म्हणून यायला जमलं. यंत्राचं घोडं अडलं की फोन माणसाकडे येतो आणि रविवारी त्या माणसाची पाळी आळीपाळीने असते. माझी होती. आवाज म्हणाली, “जा तुम्ही ताई, मी बसते.” त्यात एक गंमत झाली. लोक यंत्राला कंटाळून माणूस मागतात आणि माणूस त्याच आवाजात बोलतो. एक जण म्हणे रडकुंडीला आला: “परत तूच?”

तुम्ही विषयतज्ज्ञ म्हणून आत बसला असाल हे मला ठाऊक नव्हतं. दार उघडलं आणि समोर तुम्ही. केस पांढरे झालेत तुमचे. चष्मा तोच.

ते मधले गृहस्थ, टाय लावलेले, त्यांनी माझा कागद उलटसुलट केला. “ही सहा वर्षं रिकामी दिसतात.”

“नोकरी करत होते.”

“हो, पण शैक्षणिकदृष्ट्या खंड.”

मी म्हणाले, त्या खंडातच माझं तिसरं प्रकरण चुकल्याचं कळलं. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मग मी समजावून सांगितलं, कापलेली शांतता, ‘हं’च्या आधीची जागा, खवळलेले लोक, सगळं. ते म्हणाले, “म्हणजे ज्या प्रबंधाच्या जोरावर तुम्ही इथे आलात, तोच चुकीचा?” सगळे हसले. मीही हसले, करणार काय.

तेव्हा तुम्ही म्हणालात, “हं.”

बाई, मी या विषयातली डॉक्टर आहे. यंत्राला शिकवून पोट भरते. आणि मला तो ‘हं’ कुठला होता ते कळलं नाही. गाडीत बसून परत येताना संपूर्ण रस्ताभर मी तो मनात वाजवून पाहिला.

पण त्याआधी पायऱ्या. मी उतरत होते, तुम्ही मागून आलात, कठड्याला धरून. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य तुम्ही बोललात ते असं: “तुझ्या त्या यंत्राला मी फोन केला होता.”

मी म्हणाले, “पाणी येत नव्हतं का?”

“आमच्याकडे पाणी नियमित येतं.”

मग तुम्ही कठड्याकडे बघत म्हणालात, “हं बरा आहे. किंचित उशिरा येतो. घाईतल्या माणसाला चालेल. एकट्या माणसाला तेवढी जागासुद्धा मोठी वाटते.” आणि लगेच, “हे निरीक्षण आहे.”

“हो बाई.”

“नोंदवून घे.”

“हो बाई.”

“आणि परत ये. तिथे तुझं कोण खोडून काढणार? चांगल्या कामाला चांगलं म्हणणारी माणसं गोळा केली आहेस.”

मी मान हलवली. तुम्ही ती होकारार्थी समजलात. मीही त्या क्षणी तशीच समजले होते. तुम्ही मग पिशवीतून अर्धं सफरचंद काढून माझ्या हातात दिलंत, जसं पूर्वी द्यायचात, दुसरं अर्धं तुम्ही आधीच खाल्लेलं असायचं. ते मी गाडीत खाल्लं. तपकिरी पडलं होतं.

तुम्ही किती वेळा फोन केला, हे मी शोधू शकते. आमच्याकडे सगळं साठवलेलं असतं. शोधणार नाही.

तुमची,
हंवाली

७ मार्च

बाई,

निवडपत्र आलं. तुम्हाला आधीच कळलं असेल, म्हणजे कळलं नसेल.

आईने ते स्वतःच वाचलं, आता तिला नीट दिसतं, आणि म्हणाली, “चला, आता शेजारणीला सांगता येईल.” दोन दिवस ती माझ्याशी इतक्या अदबीने वागली, की मला ताट मांडायलाही उठू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी माझा निर्णय सांगितला. तिने ताट मांडायला सांगितलं.

मी येत नाहीये.

हे वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले आणि आधीचे मसुदे तळटीपांसकट फाडलेत. कारणं हवी असतील तर देते, आणि तुम्ही ती खोडून काढालच. मी गेले तर पुढच्याच बैठकीत ‘हं’ काढून टाकतील. साहेब वाईट नाहीत, पण त्यांच्यापुढे दर आठवड्याला कुणीतरी फोनचे पैसे मांडतं. आणि त्या गुडघ्याच्या आणि परदेशातल्या मुलाच्या बाजूने बोलायला खोलीत दुसरं कुणी नसतं. हे एक. दुसरं असं, की विभागात मी ऐकलेली माणसं कापून, लेबल लावून आलेली असायची. इथे ती सकाळी सातला कोरड्या बादलीशेजारी उभी असतात. मी अर्धा क्षण चुकले तर लगेच शिवी येते. असा परीक्षक मला पूर्वी मिळाला नव्हता, एक सोडून.

ही झाली सांगण्यासारखी कारणं. खरं म्हणजे मुलाखतीतून येताना मला कळलं, की मला ती जागा नकोच होती. मला तुम्ही हव्या होतात. आणि ते पद जाहिरातीत नव्हतं.

तुम्ही निवृत्त आहात, तुमच्या खोलीत आता टायवाले बसतात, हे मुलाखतीनंतर कारकुनांनी सांगितलंय. मग मी कुठे परत येणार होते? ज्या खिडकीची कडी लागत नाही तिच्यासमोर बसून मी टायवाल्यांची वाट बघणार का, की ते मला खोडून काढतील? ते नुसतं हसतात.

तुम्ही पायऱ्यांवर जे सांगितलंत ते केलं. हुंकार किंचित अलीकडे आणला. पण सरसकट नाही. जो माणूस भरभर बोलतो त्याला पूर्वीचाच. जो अडखळतो, थांबतो, त्याला अलीकडचा. लोक लांबण लावतात ही साहेबांची तक्रार आता आणखी वाढलीय. तिसरं प्रकरणही पुन्हा लिहायला घेतलंय, कुणी मागितलेलं नाही, छापणार कोण ठाऊक नाही. पहिली काही पानं सोबत जोडली आहेत. खोडा. समासात जागा भरपूर सोडलीय.

रागावलात तर रागवा. नुसतं गप्प बसलात तरी मी लिहीत राहणार, इतकी मला आता माझी ओळख आहे. फार आठवण येते, बाई. त्यावर काही इलाज नाही आणि मी तो शोधतही नाहीये.

आज रविवार आहे, आणि मी ऑफिसातून लिहितेय. मुलाखतीला आले होते त्या रविवारी आवाजच्या मुलीची पोहण्याची शर्यत होती. ती बुडवून आवाज माझ्या खुर्चीत बसली होती, आणि मला हे परवा शिपायाकडून कळलं. तिने चकार शब्द काढला नव्हता. आज पुढची फेरी आहे आणि पाळी तिची होती. शुक्रवारी सगळे गेल्यावर मी फळ्यावरचं तिचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. ती शनिवारी आली, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॉवेल कुठे वाळत घातलाय ते विचारायला घरी फोन लावला.

दुपार आहे, मजल्यावर मी एकटी. समोरचा दिवा लागलाय, यंत्राने कुणाला तरी माझ्याकडे पाठवलंय. हा रविवार आवाजच्या पाळीचा आहे, तेव्हा नीट ऐकायला हवं.

तुमची,
हंवाली